धाब्याच्या घरातली उधई: दर वर्षी परत का येते आणि थांबवायची कशी

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. माहेरचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, वडील तिथे एकटे राहतात. देवघराच्या सागवानी चौकटीला उधई, म्हणजे वाळवी, लागली आहे. रॉकेल ओतून झालं, जळकं ऑइल फासून झालं, दोनदा माणूस बोलावून फवारणी झाली. तरी वर्षभरात मातीच्या रेघा पुन्हा चौकटीवर चढतात. देवघराच्या भिंतीपलीकडे मोरी आहे, खिडकीत कूलर बसतो, मागच्या भिंतीला सरपण रचलेलं असतं. आता घराला लागूनच एक पक्की खोली काढायची आहे. उधई परत का येते, नव्या खोलीत ती शिरू नये म्हणून काय करावं आणि जुनी चौकट काढून लोखंडी बसवावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

ताई, सुतारकी आमच्या घरात पिढीजात. लाकूड घडवता घडवता ते वाचवायचं कामही अंगावर आलं, आणि आता जळगाव-धुळे भागात माझी निम्मी कामं उधईचीच असतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय: मोरी, कूलर आणि सरपण. त्यावर सविस्तर येतो. पण वडील त्या धाब्याखाली झोपतात, म्हणून चौकटीआधी तुळयांचं बोलू.

धाब्यावर मातीचा चांगला जाड थर असतो. पाऊस लागला की ती माती पाणी धरते आणि छताचं वजन एकदम वाढतं. हे सगळं वजन तुळया आणि कड्या पेलतात, आणि त्यांची टोकं मातीच्या भिंतीत गाडलेली असतात. उधईला अशा भिंतीतून वर जाताना बाहेर यावंच लागत नाही. ती आतल्या आत बोगदा काढते आणि थेट तुळईच्या टोकात शिरते. बाहेरून तुळई ठणठणीत, तेलपाणी केलेली, आणि भिंतीतलं वीतभर टोक मात्र पोखरलेलं, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. चौकट खाल्ली तर दार अडकतं. तुळईचं टोक खाल्लं तर छत खाली येतं.

तपासायला अवघड नाही. हातोडीच्या लाकडी दांड्यानं तुळईच्या मध्यापासून भिंतीकडे ठोकत जायचं. निरोगी सागाचा आवाज भरीव येतो. भिंतीजवळ तो बोदा झाला तर शंका धरायची. मग भिंतीपासून चार बोटांवर सहा मिलिमीटरच्या गिरमिटानं खालून, भिंतीच्या दिशेनं तिरपं एक भोक पाडायचं. सोनेरी-तपकिरी, सागाच्या तेलकट वासाचा भुसा सलग येत राहिला तर टोक शाबूत आहे. गिरमिट अचानक आत धसलं, किंवा भुशाबरोबर माती आली, तर आत पोकळी आहे. अशा तुळईखाली त्याच दिवशी टेकू द्या: जमिनीवर जाड फळी, तिच्यावर बल्ली, वर पाचर ठोकून घट्ट. त्या खोलीत झोपणं बंद. धाब्याची कामं केलेल्या जुन्या मिस्त्रीला किंवा इंजिनिअरला दाखवून मग पुढचं ठरवा. मृग लागायच्या आत हे झालंच पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही माहेरी जालच, तेव्हा उभं राहून करून घ्या.

आता उधई परत का येते ते. ती तुमच्या चौकटीत राहत नाही. राहते जमिनीत, कधी कधी घरापासून बऱ्याच अंतरावर, आणि चौकटीत फक्त खायला येते. पुष्कळ लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात, पण मुंग्यांशी तिचं नातं नाही. शास्त्रज्ञ आता तिला झुरळांच्या गणात धरतात. तुम्हाला रेघ फोडल्यावर दिसतात त्या कामकरी उधया. त्या आंधळ्या असतात आणि त्यांची कातडी इतकी पातळ की उघड्या हवेत, त्यातून आपल्याकडच्या मे महिन्याच्या ४४-४५ अंशांत, त्या लगेच सुकून मरतात. म्हणून त्या उघड्यावर चालत नाहीत. माती, लाळ आणि विष्ठा कालवून बंद नळी बांधतात आणि तिच्यातून ये-जा करतात. तुम्ही ज्याला रेघ म्हणता तो त्यांचा झाकलेला रस्ता आहे, आणि त्याचं खालचं टोक मातीत आहे.

रॉकेल ओतलं, फवारा मारला, की त्या वेळी चौकटीत असलेल्या कामकरी मरतात. राणी जमिनीत सुखरूप असते. ती रोज हजारो अंडी घालते आणि कित्येक वर्षं जगते. रस्ता खालून शाबूत, पाणी जागच्या जागी, लाकूड जागच्या जागी. ती का नाही परत येणार? दोन फवारण्यांना दिलेले पैसे म्हणूनच वाया गेले. औषध कदाचित बरोबर असेल, जागा चुकली.

आपल्या शेतांत दिसणारी उंच वारुळं बहुतेक ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीची असतात. ही उधई लाकूड नुसतं खात नाही, वारुळात बुरशीची शेती करते. चघळलेल्या लाकडाच्या लगद्यावर ती बुरशी वाढवते आणि त्यातून तिला अन्न मिळतं. निंबाच्या, आंब्याच्या बुंध्यावर मातीचा लेप चढलेला दिसतो तो बहुधा हिच्याच भाईबंदांचा. मोठ्या झाडाची ती बाहेरची मेलेली साल खाते, त्यामुळे घाबरून झाड तोडू नका. काठीनं लेप झाडून टाकला तरी पुरे. कोवळ्या रोपांची गोष्ट वेगळी, तिथे ती मुळं आणि बुडखा खाऊन रोप वाळवते. घरात शिरणाऱ्यांत कॉप्टोटर्मिस आणि हेटेरोटर्मिस या गटांतल्या उधया जास्त नासधूस करतात. कॉप्टोटर्मिसचा शिपाई ओळखायला सोपा: डिवचलं की डोक्यातून दुधासारखा पांढरा थेंब सोडतो. हिच्यापासून सावध राहायचं कारण असं की भिंतीच्या पोकळीत सतत ओल मिळाली तर ती जमिनीशी संबंध न ठेवताही तिथेच वस्ती करू शकते. अशा वेळी जमिनीत औषध जिरवून भागत नाही, ओल आधी तोडावी लागते.

पहिल्या पावसानंतर दिव्यावर पंखवाल्या उधयांची झुंबड येते. त्या लाकूड खात नाहीत, नवी वस्ती करायला जोडीदार शोधत निघालेल्या असतात. बाहेरून खिडकीत आल्या तर केर काढून टाका. पण घराच्या आतल्या भेगेतून, जोत्याच्या सांध्यातून त्या बाहेर पडताना दिसल्या, किंवा बंद खोलीत पंखांचा ढीग सापडला, तर वस्ती घराखालीच आहे असं धरून चाला आणि ती भेग खडूनं खुणा करून ठेवा. औषध द्यायला येणाऱ्या माणसाला नेमकी जागा दाखवता येते.

आता कूलर. खान्देशातल्या उधईबद्दल बोलताना मी कूलरवर सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण बाहेरच्या पुस्तकांत तो सापडत नाही आणि आपल्या घराघरांत तो आहे. भुसावळला एका घरात चार खिडक्या होत्या, चारही एकाच सागाच्या, एकाच सुताराच्या हातच्या. तीन खिडक्यांना साठ वर्षांत काही झालं नव्हतं. चौथीत कूलर बसायचा. रंग अगदी नवा होता. खालच्या आडव्या पट्टीवर अंगठा दाबला तर तो आत गेला. पटाशीनं रंगाची खपली काढली. आत लाकडाच्या वर्षावळ्यांतला कडक भाग तेवढा पातळ पापुद्र्यांसारखा उभा होता, मधला मऊ भाग नाहीसा, आणि त्या फटींत ओली माती भरलेली. उभ्या खांबाचा वरचा अर्धा भाग मात्र खणखणीत. बाहेर जाऊन पाहिलं: कूलरची टाकी भरून वाहायची, गवताच्या पडद्यांतून थेंब खिडकीच्या कठड्यावर पडायचे, तिथून भिंतीवर ओघळ, आणि त्या ओघळाच्या कडेनं, पाण्याच्या पाइपाच्या आडोशाला, जोत्यापासून खिडकीपर्यंत चढलेली मातीची नळी. मार्च ते जून, बाकी सगळं शिवार तापून कोरडं पडतं तेव्हा त्या भिंतीला रोज पाणी मिळत होतं. उधईसाठी कडक उन्हाळा हाच अडचणीचा काळ, आणि आपण नेमक्या त्याच काळात तिला पाण्याची सोय करून देतो.

त्या घरात मी आधी कूलर भिंतीपासून सुटा, लोखंडी स्टँडवर केला, खाली पत्र्याचा ट्रे, ट्रेला पाइप, आणि पाइपाचं तोंड भिंतीपासून चांगलं पाच-सहा फूट लांब झाडाच्या आळ्यात. टाकीला फ्लोट बसवला. औषध त्यानंतर. तुमच्या देवघराच्या खिडकीलाही हेच करा. मोरीचं पाणी कुठे जातं तेही पाहा: तळाच्या फरशीचे सांधे उघडे असतील, नळाच्या जोडातून गळत असेल, सांडपाणी जोत्याला लागून जिरत असेल तर देवघराची भिंत बाराही महिने ओली राहणार. मोरीचे सांधे सिमेंटनं भरून घ्या आणि देवघराच्या बाजूनं भिंतीला तळहात लावून पाहा. सकाळच्या वेळी ओल हाताला सहज कळते.

सरपणाचं तर आपण सगळेच सारखे. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची आणि मागच्या भिंतीला टेकवून रचायची. पऱ्हाटीचा, तुरीच्या काड्यांचा, कडब्याचा ढीग जमिनीला चिकटून असला की खालचा थर दमट राहतो, आणि उधई त्यात आधी ठाण मांडते. तिथून भिंत दोन बोटांवर. गोठ्याजवळच्या गव्हाणी, जुन्या बैलगाडीची पडलेली साटी, गोवऱ्यांचा उडवा यांचंही तसंच. ढीग घरापासून दहा-पंधरा फूट लांब न्या आणि खाली दगड-विटा मांडून त्यावर रचा. याला पैसा लागत नाही. मी कुठल्याही घरी कामाला जाताना हे झालं का ते आधी विचारतो, झालं नसेल तर औषध उघडत नाही.

उधई सध्या चालू आहे की रेघ जुनी आहे, हे पाहायला नळी मधोमध दोन बोटं फोडायची, वरची-खालची तशीच ठेवायची. दोन-तीन दिवसांत ती जागा ओल्या मातीनं सांधली गेली तर येणं-जाणं चालू आहे. सांधली नाही म्हणून मात्र ती गेली असं समजू नका, दुसरा रस्ता धरला असू शकतो. आणि औषधाचा माणूस यायच्या आधी सगळ्या नळ्या झाडून स्वच्छ करायची घाई करू नका. त्या नळ्याच आम्हाला सांगतात की ती कुठून येते.

लाकडातून भुसा पडतोय पण मातीचा मागमूस नाही, असं असेल तर ही उधई नाही किंवा जमिनीतली नाही. खसखशीसारखे टणक, सहा कडांचे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडात राहणारी उधई, ती आपल्या कोरड्या भागात कमी दिसते. पिठासारखी मऊ भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर तो भुंगेरा. तो बांबूत आणि लाकडाच्या पांढऱ्या भागात जातो. या दोघांसाठी जमीन खणून औषध ओतण्यात काहीच अर्थ नाही, तिथे उपचार लाकडावरच करायचा.

जमिनीत औषध कसं जिरवायचं याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याचे तीन भाग: बांधकामाची रचना, बांधण्यापूर्वीचं औषध आणि उभ्या इमारतीचं औषध. तुमच्या घराला तिसरा भाग लागू. घराच्या आत भिंत आणि फरशी जिथे भेटतात तिथे साधारण १२ मिलिमीटर जाडीची भोकं, एकमेकांपासून ३०० मिलिमीटरवर, म्हणजे फुटाला एक. प्रत्येक भोकात एक लिटरपर्यंत औषधाचं पाणी जिरवायचं आणि भोक सिमेंटनं बुजवायचं. बाहेरच्या बाजूनं जोत्याला लागून चर खणून त्याच्या तळाशी सळईनं भोकं पाडून भरायचं. चौकट भिंतीला भेटते तिथे सहा मिलिमीटरची भोकं, खालच्या दिशेनं तिरपी, १५० मिलिमीटरवर.

हा हिशेब तुम्हीच करून पाहा. दहा बाय बाराची खोली, चारही भिंती मिळून ४४ फूट. म्हणजे ४४ भोकं आणि आतून सुमारे ४४ लिटर पाणी. बाहेरचं वेगळं. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रव) या रूपात वापरत असतील तर ते एक टक्क्यावर आणतात: एक लिटर औषधात १९ लिटर पाणी. म्हणजे एका खोलीला आतूनच दोन लिटरच्या वर मूळ औषध लागतं. पाठीवरच्या एका पंपात अख्खं घर उरकून पाच वर्षांची गॅरंटी देणारा माणूस तुमच्या घराला काय देऊन गेला, हे यावरून कळेल. डबा तुमच्यासमोर सील फोडून उघडायला सांगा, लेबल वाचा, भोकं मोजा. असं काम धंदा म्हणून करणाऱ्याला कीटकनाशक कायद्याखालचा परवाना लागतो, तोही मागा. मागितल्यावर जो चिडतो त्याला काम देऊ नका.

क्लोरपायरीफॉसला उग्र वास असतो आणि राहत्या घरात तो बरेच दिवस छळतो. वडील एकटे आहेत, म्हणून मी तुमच्या घरी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी वापरेन, लिटरला २.१ मिलिलिटर. त्याचा आणि फिप्रोनिल या औषधाचा गुण असा की उधईला ते जाणवत नाही. ती त्यातून चालत जाते, एकमेकींना चाटताना, भरवताना अंगावरचं औषध पसरवते आणि मरत जाते. त्यामुळे चार-सहा आठवडे अधूनमधून जिवंत उधई दिसेल. दिसली म्हणून वर आणखी काही फवारू नका. उलट सायपरमेथ्रिनच्या कुळातली औषधं तिला लगेच कळतात. ती वळसा घालते आणि जिथे औषध पोचलं नाही अशी फट शोधते.

आणि फट आपल्या जमिनीत नेहमीच असते. गिरणा, बोरी, तापीच्या काठची काळी माती उन्हाळ्यात फाटते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्याभोवतीचा सिमेंटचा पट्टा भिंतीपासून सुटतो आणि औषधाचा थर मधोमध चिरला जातो. मुरमाड जमिनीवरचं काम जितकी वर्षं टिकतं तितकं काळ्या मातीवरचं टिकत नाही. औषध देतानाही अडचण: भेग दिसली म्हणून त्यात ओतलं तर ते सरळ खोल जातं, मातीत पसरत नाही, आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर पाण्यात उतरायची भीती. काळ्या मातीत मी जोत्यालगतचा फूटभर पट्टा खणून ढेकळं फोडतो, माती भुसभुशीत करतो, औषध थोडं थोडं, थांबून थांबून जिरवतो आणि वर मुरूम दाबतो. विहीर अगदी जवळ असेल तर त्या बाजूला ओतायचं काम करतच नाही, तिथे नळी शोधून नळीपुरतं आणि लाकडापुरतं काम करतो. दर आखाजीला घराभोवती एक फेरी मारून सुटलेले सांधे भरून घ्यायचे, एवढं वडिलांनाही जमेल.

घरगुती उपायांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रॉकेल आणि ऑइल लावून झालंय म्हणून सांगतो. रॉकेल उडून जातं आणि घरात आगीची भीती ठेवून जातं. जळक्या ऑइलनं वरची कातडी तेवढी काळी होते, आतली उधई आत चालूच राहते, आणि पुढे त्या लाकडावर ना पॉलिश बसत ना रंग. मीठ भिंतीत घालू नका, भिंत लोणा धरते आणि खिळे गंजतात. कडुनिंबाचं तेल, हिंग, रुईचा चीक यांनी ती काही दिवस बाजूला सरते, जमिनीतली वस्ती मरत नाही.

काही गोष्टी मात्र मी हात जोडून सांगतो. जुने लोक उधईसाठी अजून बीएचसी ही कीटकनाशक पावडर मागतात. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे, माळ्यावर जुनी पुडी सापडली तरी वापरू नका. धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या उधईच्या बिळात, फरशीखाली टाकणारे लोक मी पाहिलेत. तिचा वायू झोपेत माणसं मारतो. शेतातली उरलेली कीटकनाशकं अंदाजानं घरात फवारायची नाहीत. क्लोरपायरीफॉससारखं औषध अंगावर सांडून किंवा हुंगून घाम, लाळ, उलट्या सुरू झाल्या, डोळ्याची बाहुली बारीक झाली, तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि डब्याचं लेबल बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. तिथे यावर औषध असतं, घरी नसतं.

नवी खोली. इथे तुम्हाला एकदाच संधी आहे. पाया खणताना काळी माती जितकी निघेल तितकी काढून मुरूम भरा. जोत्यातला मुरूम दाबून झाला की कोबा पडायच्या आधी त्याच्या सपाट पृष्ठावर चौरस मीटरला पाच लिटर, आणि पायाच्या भिंतींच्या बाजूंनी भरणी करताना साडेसात लिटर औषधाचं पाणी द्यायचं. हे दिल्यावर पाऊस पडू नये आणि पुन्हा खणू नये. नळाच्या, वायरिंगच्या पाइपांसाठी नंतर फोडाफोड झाली तर त्या जागेला पुन्हा द्या. खोली काढताना सेंट्रिंगच्या फळ्या, खुंट्या, पोत्यांचे तुकडे मुरमात गाडले जातात; मजूर ते सहज टाकून देतात. ते सगळं उभं राहून वेचून काढा. कोब्याखालची एक विसरलेली फळी उधईला पुढची वाट दाखवायला पुरते. आणि जुनी मातीची भिंत नव्या खोलीला चिकटते तो सांधा सगळ्यात नाजूक आहे, कारण जुन्या भिंतीतली उधई तिथूनच येईल. त्या सांध्याला दोन्ही बाजूंनी औषध द्या आणि त्या भिंतीवर कपाट लावू नका.

लाकूड घेताना साग आहे एवढं ऐकून पैसे देऊ नका. सागाचा गाभा उधई सहसा खात नाही, त्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं. कडेचा पांढरा भाग मात्र ती आंब्याच्या लाकडासारखाच खाते. लागवडीच्या कोवळ्या सागात पांढरं जास्त असतं आणि व्यापारी रंग मारून ते लपवतात. रंधा मारून दाखवायला सांगा. आपल्याकडचा अंजन मिळाला तर त्याचा गाभा चिवट, वजनदार आणि टिकाऊ, फक्त घडवायला हाताला घाम फुटतो. पाडलेल्या धाब्यांचं जुनं सागवान बाजारात येतं, तेही चांगलं, भुंगेऱ्याची भोकं तेवढी तपासून घ्या. प्लायवुडचं कपाट करणार असाल तर कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाठ भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवा आणि खाली स्टीलचे किंवा दगडी पाय द्या. आत बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं पाच टक्क्यांचं द्रावण दोन-तीन हात दिलं तर चांगलं, पण ते पाण्यानं धुपतं, म्हणून घराच्या आतच. सातबारा, खरेदीखतं पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी विटांवर.

राहिली देवघराची चौकट. लोखंडी चौकट उधई खाणार नाही हे खरं, पण चौकटीमागच्या फटीतून ती वर जाईल आणि दार, देव्हारा, माळा, जे लाकूड मिळेल ते खाईल. जमिनीचं काम न करता चौकट बदलणं म्हणजे पैसे गेले आणि उधई तिथेच. शिवाय धाब्याच्या घरातली जुनी चौकट आज तशी मिळत नाही. मी आधी तिचे पाय पाहीन. जुन्या मिस्त्रींनी लाकडाखाली दगडी तळखडा घातलेला असतो, लाकूड मातीला लागूच नये म्हणून. पुढे कुणी कोबा केला, मग शहाबादी, मग टाइल्स. जमीन वर आली, तळखडा गाडला गेला आणि चौकटीचे पाय ओल्या भरणीत बुडाले. तुमच्याकडेही हेच झालं असावं, पायाजवळची एक फरशी उचलून बघा.

झालं असेल तर खराब झालेला भाग शाबूत लाकूड लागेपर्यंत वर कापायचा, बहुधा फूट-दीड फूट. तिरका सांधा करून गाभ्याच्या सागाचा नवा तुकडा खुंट्यांनी जोडायचा. त्याच्या खालच्या तोंडाला, जिथे लाकडाचे धागे उघडे असतात, तेलात मिसळलेलं लाकडाचं औषध पिईल तेवढं पाजायचं. खाली तीन-चार इंच उंचीचा दगड बसवायचा आणि फरशी त्या दगडापाशी थांबवायची, लाकडाला भिडू द्यायची नाही. चौकटीचा निम्म्याहून जास्त उभा खांब पोकळ असेल, किंवा वरची आडवी पट्टीही बोदी वाजत असेल, तरच नवी करा. जमिनीत औषध देऊन महिना झाल्यावर सुताराला बोलवा, त्याआधी नको. आणि रंग-पॉलिश पुढचा एक पावसाळा होऊन गेल्यावर, म्हणजे नवी माती कुठे चढली तर कोऱ्या लाकडावर ती लगेच डोळ्यांना दिसेल.